वीतभर आमरी आणि तिच्या पायाखालची जमीन

जून २०२२ मध्ये व्हरमाँट राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाने एक वृत्त प्रसृत केले. त्या राज्यात १९०२ नंतर कुणाच्याही दृष्टीस न पडलेली आणि म्हणून नामशेष समजली गेलेली एक आमरी पुन्हा आढळली होती. विशेष म्हणजे हा शोध एखाद्या मोहिमेतून लागलेला नव्हता. आदल्या वर्षी एक हौशी निसर्गनिरीक्षक दुसऱ्याच एका अनोळखी नसलेल्या पण विरळ आमरीची छायाचित्रे टिपत होता. शेजारी त्याला एक वेगळे रोप दिसले. त्याने त्याचेही छायाचित्र काढून ‘आयनॅचरलिस्ट’ या संकेतस्थळावर ठेवले. तेथून धागा राज्याच्या वनस्पतितज्ज्ञांपर्यंत पोहोचला, आणि पुढच्या वसंतात त्यांनी विनूस्की खोऱ्यातील त्या संरक्षित जमिनीवर जाऊन ओळखीवर शिक्कामोर्तब केले.

या वनस्पतीचे इंग्रजी नाव ‘स्मॉल व्होर्ल्ड पोगोनिया’, शास्त्रीय नाव आयसोट्रिया मेडिओलॉइडीस. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील सर्वांत दुर्मिळ आमरी असा तिचा उल्लेख वारंवार केला जातो. आपल्या वाचकांनी तिची दखल घ्यावी याला एक साधे भौगोलिक कारण आहे. मेन व न्यू हॅम्पशरच्या डोंगरपायथ्यापासून व्हर्जिनियाच्या पठारी पट्ट्यातून थेट जॉर्जिया व कॅरोलायनांच्या दक्षिण अ‍ॅपलाचियन रांगांपर्यंत तिचा विखुरलेला वावर आहे. मध्ये न्यू जर्सी व डेलावेअरमध्येही तिची तुरळक ठाणी नोंदलेली आहेत. नकाशावर हा पट्टा रेखाटला तर बॉस्टनपासून एडिसन, नॉर्दर्न व्हर्जिनिया आणि अटलांटापर्यंत पसरलेला मराठी माणसाचा संसार बऱ्याच अंशी त्याच पट्ट्यात किंवा त्याच्या कडेला मांडलेला दिसतो. आपल्या नव्या वसाहती ज्या जंगलाच्या तुकड्यांना लागून उभ्या राहतात, ते तुकडे याच प्रकारचे आहेत.

मराठी मनात ‘ऑर्किड’ म्हटले की दोनच चित्रे उमटतात. एक, दुकानातल्या काचेमागची थायलंडहून आलेली जांभळी फुले. दुसरे, कोकणात आंब्याच्या किंवा सह्याद्रीत जांभळाच्या फांदीवरून लोंबणारी सीतेची वेणी. दोन्ही झाडावर वाढणाऱ्या आमऱ्या. जमिनीत रुजणाऱ्या आमऱ्यांची ओळख कास पठारावर पावसाळ्यात हिंडलेल्यांना असेल. तेथे जूनच्या पहिल्या सरींनंतर एक गोलसर पान जमिनीला चिकटून उगवते, त्यातून पांढऱ्या फुलांचा दांडा वर येतो, आणि पाऊस ओसरला की सारे पुन्हा जमिनीखाली निघून जाते. येथील भू-आमरीचे ऋतुचक्र वेगळे असले तरी स्वभाव तोच. वर्षाचा मोठा भाग ती मातीत असते. जमिनीच्या वर ती येते ती काही महिन्यांची पाहुणी म्हणून, आणि कधी कधी तेवढीही येत नाही.

ओळखावी कशी

रोपाची उंची दहा ते पंचवीस सेंटीमीटर, म्हणजे फार तर वीतभर. एकच सरळ खोड, आणि त्याच्या टोकाला एकाच पातळीवर चक्राकार मांडलेली पाच किंवा सहा पाने. छत्रीच्या काड्या उघडाव्यात तशी. या चक्राच्या मध्यातून एक, क्वचित दोन फुले येतात. फुलाचा रंग पिवळसर हिरवा. जंगलाच्या हिरव्या उजेडात तो इतका मिसळून जातो की दोन पावलांवरूनही नजर घसरते. व्हर्जिनियात एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत, तर मेनमध्ये जूनच्या सुमारास फूल उमलते आणि थोड्याच दिवसांत मावळते. त्याला मध नाही, सुवास नाही. १९८३ मध्ये लेस्ली मेहरहॉफ यांनी या वंशातील दोन्ही जातींच्या परागणाचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हे फूल स्वतःच्याच परागांनी फळ धरते असे दिसून आले. कीटकांना बोलावण्याची गरजच नसल्याने नटण्यामुरडण्याचाही प्रश्न उरला नाही.

खरी अडचण पुढेच आहे. पानांचे असे चक्र धारण करणाऱ्या आणखी तीन वनस्पती त्याच जंगलात, त्याच महिन्यांत, कित्येकदा त्याच वाटेच्या कडेला असतात, आणि त्या मुबलक असतात.

पहिली ‘इंडियन कुकुंबर रूट’, शास्त्रीय नाव मेडिओला. (येथे ‘इंडियन’ म्हणजे या भूमीचे मूळ रहिवासी, आपला त्यात काही संबंध नाही.) तिच्या जमिनीखालच्या पांढऱ्या कंदाला काकडीची चव असते. हिचे साम्य इतके की, १८१४ मध्ये फ्रेडरिक पुर्श या वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या आमरीचे वर्णन केले तेव्हा नावच ‘मेडिओलासारखी’ असे दिले. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी तज्ज्ञालाही प्रथम जाणवले ते हेच साम्य. फरक ओळखायचा तो खोडावरून. मेडिओलाचे खोड बारीक, तारेसारखे चिवट, आणि त्यावर कोळिष्टकासारखी लव चिकटलेली असते. आमरीचे खोड जाडसर, गुळगुळीत, आतून पोकळ. त्याचा रंग राखाडी छटेचा हिरवा, आणि त्यावर नाशिकच्या ताज्या द्राक्षांवर दिसतो तसा पांढुरका थर. मेडिओला फुलायला आली की तिच्यावर पानांचे दुसरे, छोटे चक्रही येते, त्यामुळे मोठे रोप चटकन वेगळे काढता येते. घोटाळा होतो तो तिच्या न फुललेल्या, एकच चक्र असलेल्या रोपांशी. पोकळपणा पाहण्यासाठी खोड मोडू नये, हे सांगण्याची गरज नसावी. तरी सांगितलेले बरे. लव आहे की नाही, हे वाकून पाहिले की पुरते.

दुसरी वनस्पती म्हणजे हिचीच थोरली बहीण, ‘लार्ज व्होर्ल्ड पोगोनिया’. ती आमरीच आहे, पण बरीच अधिक आढळते. तिचे खोड तांबूस-जांभळे असते. फुलाच्या पाकळ्यांबाहेरची तीन संदले लांब, निमुळती, जांभळट-तपकिरी आणि कोळ्याच्या पायांसारखी फाकलेली असतात. लांबी साडेतीन सेंटीमीटरच्या पुढे. आपल्या आमरीची संदले हिरवट, आणि सहसा अडीच सेंटीमीटरच्या आत. फूल गळून बोंड धरले असेल तर देठाकडे पाहावे. थोरलीच्या बोंडाचा देठ बोंडाहून लांब असतो, धाकटीचा आखूड किंवा फार तर बोंडाएवढा. जुलै-ऑगस्टमध्ये जंगलात फिरणाऱ्याला हीच खूण उपयोगी पडते. शिवाय थोरली मुळांतून फुटवे काढत घोळक्याने वाढते. एका जागी तीस-चाळीस रोपे दाटीने दिसली तर आनंद जरूर मानावा, पण दूरध्वनी करण्याची घाई करू नये.

तिसरी ‘स्टारफ्लॉवर’. पांढऱ्या चांदणीसारखे फूल आले की तिच्याबद्दल संशय राहत नाही; फूल नसताना मात्र तिची पातळ पाने आणि काडीसारखे खोड पाहून घ्यावे लागते.

एवढ्या खुणा ध्यानात ठेवल्या तरी रोपाच्या ओळखीचे निम्मेच काम होते. पानाच्या आकारावरून नाव सुचवणारी मोबाइल अ‍ॅप्स येथे फारशी कामाची नाहीत, असे माझे मत आहे. दुर्मिळ वनस्पतीची छायाचित्रे मुळात थोडी, आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या सामान्य वनस्पतींची अगणित. अशा वेळी यंत्राचा कौल सामान्याकडे झुकावा यात नवल नाही. ते यंत्र खोडाला हात लावून लव तपासत नाही, आणि रोप कोणत्या जमिनीवर उभे आहे हेही ते विचारत नाही. या आमरीच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

जमीन वाचणे

न्यू इंग्लंडच्या जंगलात चालताना दगडांच्या बुटक्या भिंती जागोजागी आडव्या येतात. गर्द झाडीत कुंपण कशासाठी, असा प्रश्न नवख्याला पडतो. उत्तर असे की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथे झाडी नव्हतीच. वसाहतवाल्यांनी जंगल तोडून शेते आणि मेंढ्यांची कुरणे केली होती. नांगराला लागणारे दगड उचलून बांधांवर रचले होते. पुढे पश्चिमेकडील सुपीक जमीन खुली झाली, कालवे व रेल्वे आली, गिरण्यांनी माणसे ओढली, आणि ही हलकी जमीन ओस पडली. तिच्यावर मेपल, ओक, बीच, बर्च, हेमलॉक, पांढरा पाइन पुन्हा उगवले. व्हर्जिनियातील गोष्ट थोड्याफार फरकाने तशीच. तेथे जमीन खंगली ती तंबाखूने. वॉशिंग्टनच्या दक्षिणेला सुमारे पन्नास किलोमीटरवर असलेले प्रिन्स विल्यम फॉरेस्ट पार्क आज घनदाट वन आहे, पण १९३०च्या दशकात सरकारने ते ताब्यात घेतले तेव्हा तेथे शेतकरी कुटुंबे राहत होती आणि जवळच गंधकयुक्त खनिजाची बंद पडलेली खाण होती.

आपल्या आमरीची बहुतेक ठाणी अशाच दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या जंगलात सापडतात. अस्पर्श अरण्यातील देवता अशी तिची प्रतिमा करून शोधायला निघालेला माणूस म्हणून हमखास चुकीच्या जागी जातो.

या जंगलातही तिची निवड काटेकोर असते. माती आम्लधर्मी आणि पोषणाने गरीब लागते. कित्येक ठिकाणी वरच्या मातीखाली एक घट्ट, पाणी न मुरू देणारा थर असतो. मृदाशास्त्रात त्याला ‘फ्रॅजिपॅन’ म्हणतात. पाऊस पडला की पाणी खाली जिरत नाही, उतारावरून या थराच्या पाठीवरून तिरके झिरपत जाते. त्यामुळे आमरी बहुधा मंद उतारावर, पावसाळी ओहळांच्या आसपास आढळते. हे ओहळ वाहते असतात तेव्हा वेणीच्या पेडांसारखे फुटतात, पुन्हा एकत्र येतात, आणि उन्हाळ्यात कोरडे पडतात. पायाखाली पालापाचोळा भरपूर, पण खालची झुडुपे व नेचे दाट नसावेत. दक्षिणेकडे ऱ्होडोडेंड्रॉन आणि माउंटन लॉरेल आजूबाजूला असतात, पण ती त्यांच्या गर्दीत सहसा शिरत नाही.

आणि उजेड. वर पाहिल्यावर वृक्षछत्रात एखादे भोक दिसायला हवे. कोसळलेला वृक्ष, जुनी लाकूडगाडीची वाट, ओहळाची मोकळी रेघ, असे काहीतरी. ही वनस्पती सावलीची खरी, पण अंधाराची नाही. जंगल जसजसे वयात येते तसतसे छत मिटत जाते आणि आमरीची संख्या घटू लागते. यातूनच संवर्धनाचा एक अवघड पेच उभा राहतो. जमीन विकत घेऊन, तारेचे कुंपण घालून, हात जोडून दूर उभे राहिले की काम झाले असे येथे म्हणता येत नाही. न्यू हॅम्पशरमधील एका ठाण्यावर संशोधकांनी निवडक झाडे काढून छत विरळ केले आणि पुढील काही वर्षे रोपे मोजली. मोकळ्या केलेल्या भागात आमरीने चांगला प्रतिसाद दिला. दुर्मिळ वनस्पतीसाठी करवत चालवावी लागते, हे सर्वसामान्य देणगीदाराला पटवून देणे सोपे नाही, आणि माझ्या माहितीतील निसर्गप्रेमी मराठी मंडळींनाही ते ऐकून धक्काच बसतो.

पाचोळ्याखालची भागीदारी

जमिनीच्या वर दिसणारा भाग कळला तरी मुख्य व्यवहार खालीच चालतो. आमरीचे बी धुळीच्या कणासारखे असते. शेंगदाण्याच्या किंवा हरभऱ्याच्या दाण्यात अंकुरासाठी शिधा भरलेला असतो. या बियाजवळ तो जवळपास नसतोच. मातीत योग्य बुरशी भेटली आणि तिने अन्न पुरवले, तरच बी रुजते. आपल्या आमरीची भागीदार बुरशी रसुला व लॅक्टेरियस यांच्या कुळातील आहे. पावसानंतर जंगलात लाल, जांभळट टोप्यांची जी अळंबी दिसते, त्यांतली पुष्कळशी याच कुळातील. गंमत अशी की ही बुरशी स्वतः ओक, बीच, पाइन यांच्या मुळांशी बांधलेली असते. झाड तिला साखर देते, ती झाडाला पाणी व क्षार मिळवून देते. आमरी या दोघांच्या व्यवहारात तिसरी भागीदार म्हणून शिरते. झाड तोडले की बुरशी उपाशी, आणि बुरशी गेली की आमरी निराधार.

मेरिलँडमधील स्मिथसोनियन पर्यावरण संशोधन केंद्रात मेलिसा मॅककॉर्मिक आणि डेनिस व्हिगम यांनी आमऱ्या व बुरशी यांच्या या नात्याचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. २०१७ मध्ये त्यांच्या गटाने या आमरीवर प्रसिद्ध केलेल्या संशोधनाचा आशय असा की, मातीत भागीदार बुरशीचे प्रमाण जेथे अधिक तेथे रोपे जमिनीबाहेर येण्याची शक्यता अधिक. हा निष्कर्ष वरवर साधा वाटतो, पण त्याने एका जुन्या कोड्याची उकल होऊ लागते. ही आमरी एखाद्या वर्षी उगवतच नाही. जमिनीखाली जिवंत राहते, एक-दोन वर्षांनी, क्वचित त्याहून उशिरा, पुन्हा डोके वर काढते. त्यामुळे मे महिन्यात एकदा जाऊन ‘येथे काही नाही’ असा अहवाल देणे धोक्याचे ठरते. बांधकामाच्या परवान्यासाठी केल्या जाणाऱ्या एका हंगामाच्या पाहणीची मर्यादा नेमकी हीच आहे. रोप दिसले तर ते आहे हे सिद्ध होते. दिसले नाही तर त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही. म्हणूनच जाणकार पाहणी करताना रोपाइतकीच जागाही तपासतात. माती, उतार, पाण्याची वाट, छताची उघडीप हे सारे जुळत असेल, तर त्या तुकड्याकडे दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीही परतावे लागते.

‘दुसरीकडे नेऊन लावू’ हा विकासकांचा आवडता तोडगा येथे लागू पडत नाही, तोही याच कारणाने. रोप उचलता येईल. त्याच्या भोवतालचे ओकचे मूळ, त्यावरची बुरशी आणि खालचा घट्ट थर उचलता येणार नाही. रोपवाटिकेत ही आमरी भरवशाने वाढवण्याची रीत अजून हाती आलेली नाही. स्मिथसोनियन आणि अमेरिकेचे राष्ट्रीय वनस्पती उद्यान यांनी २०१२ मध्ये स्थापन केलेले उत्तर अमेरिकी आमरी संवर्धन केंद्र देशी आमऱ्यांचे बी आणि त्यांच्या बुरशी दोन्ही जतन करत आहे, कारण एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग नाही.

योगायोगाने या वीतभर वनस्पतीचे एक नातेवाईक आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे. व्हॅनिला हीदेखील आमरीच, आणि वनस्पतिशास्त्र या दोघींना एकाच उपकुलात घालते.

कायदा, हरिणे आणि परसदार

अमेरिकेने १९८२ मध्ये या आमरीला केंद्रीय कायद्याखाली ‘संकटग्रस्त’ घोषित केले. नंतरच्या वर्षांत शोध वाढला, नवी ठाणी सापडली, काही जमिनी संरक्षित झाल्या, आणि १९९४ मध्ये तिला एक पायरी खाली आणून ‘धोक्यात आलेली’ असा दर्जा देण्यात आला. संवर्धनाच्या इतिहासात हे यश मानले जाते, आणि ते आहेही. मात्र अनेक राज्यांनी आपापल्या यादीत तिला आजही वरच्याच पायरीवर ठेवले आहे. सीमेपलीकडे कॅनडात, ऑन्टारियोतील ज्ञात ठाण्यावर ती १९९८ नंतर दिसलेली नाही.

कायद्याबाबत आपल्याकडील सुशिक्षितांचाही एक गैरसमज असतो. दुर्मिळ प्राण्याला जे संरक्षण मिळते तेच वनस्पतीला मिळत असेल, असे आपण गृहीत धरतो. तसे नाही. केंद्र सरकारच्या मालकीच्या जमिनीवरून अशी वनस्पती उपटणे हा गुन्हा आहे. खासगी जमिनीवर मात्र केंद्रीय कायदा आड येतो तो प्रामुख्याने राज्याच्या कायद्याचा भंग झाला असेल, परक्याच्या जमिनीत घुसून नासधूस केली असेल, किंवा प्रकल्पाला केंद्राचा निधी अथवा परवाना लागत असेल तेव्हा. काही ओहळ व पाणथळ जागा बुजवण्यासाठी लष्कराच्या अभियंता दलाची परवानगी लागते, आणि तेथे हा प्रश्न पटलावर येऊ शकतो. एरवी परसदारातल्या जंगलपट्टीचे भवितव्य राज्याचे नियम आणि मालकाची इच्छा यांवर अवलंबून राहते. मालक म्हणजे येथे आपणही आलो, आणि वसाहतीच्या रहिवासी संघाच्या समितीवर बसणारे आपले मित्रही. ‘मागची झाडी जरा साफ करून घेऊ’ हा ठराव किती सहज मंजूर होतो, हे अशा सभांना बसलेल्यांना ठाऊक आहे. एका बाजूला छत थोडे उघडले तर आमरीला हवे असते असे वर म्हटले. पण ते निवडक झाडांबद्दल, थंडीत जमीन गोठलेली असताना जपून केलेल्या कामाबद्दल. यंत्र घालून पाचोळा खरवडणे आणि उतार सपाट करणे याचा त्याच्याशी काही संबंध नाही. वरच्या अंगाला रस्ता किंवा घर झाले की झिरपणाऱ्या पाण्याची वाट बदलते, आणि रोपाला हात न लावताही त्याचे ठाणे संपते.

दुसरा शत्रू चार पायांचा आहे. पांढऱ्या शेपटीची हरिणे पूर्वेकडील उपनगरांत बेसुमार वाढली आहेत. त्यांना खाणारे लांडगे व पूमा येथून केव्हाच हटले. या आमरीला वर्षाला एकच खोड आणि पानांचे एकच चक्र मिळते. हरिणाने एक घास घेतला की त्या हंगामाची सारी कमाई गेली, बोंडही गेले. काही ठाण्यांवर म्हणून प्रत्येक रोपावर जाळीचा पिंजरा ठेवलेला असतो. जंगलात असा पिंजरा दिसला तर तो उचलून पाहू नये.

सापडलीच तर

समजा, मे महिन्याच्या अखेरीस मुलांबरोबर जंगलवाटेने जाताना पाच पानांचे एक चक्र दिसले, खोड गुळगुळीत आहे, रंग राखाडी-हिरवा आहे, वर छतात उघडीप आहे आणि पलीकडे कोरडा ओहळ आहे. अशा वेळी वाट सोडून चार जणांनी भोवती गोळा होणे हेच पहिले नुकसान. जी रोपे त्या वर्षी वर आलेली नाहीत ती पायाखाली असू शकतात. एकानेच जपून पुढे जावे. रोपाचे वरून एक छायाचित्र, खोडाचे बाजूने जवळून एक, फूल किंवा बोंड असल्यास देठाची लांबी कळेल असे एक, शेजारी नाणे किंवा पट्टी ठेवून एक, आणि मग मागे येऊन आजूबाजूच्या जमिनीचे व वरच्या छताचे एकेक. तज्ज्ञाला ओळख पटवायला शेवटची दोन छायाचित्रे पुष्कळदा फुलाच्या छायाचित्राइतकीच उपयोगी पडतात.

ही माहिती पाठवायची ती राज्याच्या नैसर्गिक वारसा कार्यक्रमाकडे. प्रत्येक राज्यात त्याचे नाव थोडे वेगळे आहे. न्यू हॅम्पशरमध्ये नॅचरल हेरिटेज ब्यूरो, मेनमध्ये नॅचरल एरियाज प्रोग्रॅम, व्हर्जिनियात संवर्धन विभागाचा नॅचरल हेरिटेज विभाग. त्यांच्याकडे ठाण्यांच्या नोंदी असतात आणि त्या जाहीर केल्या जात नाहीत.

याच ठिकाणी संगणक क्षेत्रातील आपल्या वाचकांना एक तांत्रिक सूचना करावीशी वाटते. ‘आयनॅचरलिस्ट’वर दुर्मिळ जातीची नोंद झाली की तिचे नेमके स्थान आपोआप झाकले जाते, नकाशावरचा ठिपका साधारण वीस किलोमीटर बाजूच्या चौकटीत कुठेतरी टाकला जातो. पण हे घडते जातीचे नाव नोंदीला लागल्यावर. आपण ‘अनोळखी वनस्पती’ म्हणून किंवा केवळ वंशाचे नाव देऊन छायाचित्र चढवले, तर ओळख पटेपर्यंत नेमके अक्षांश-रेखांश जगाला दिसत राहतात. शंका असेल तेव्हा स्थान झाकण्याचा पर्याय स्वतःच निवडावा. फोनने काढलेल्या छायाचित्राच्या धारिकेतही स्थानाची नोंद दडलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवर छायाचित्र म्हणून पाठवल्यास ती गळून पडते, मूळ धारिका दस्तऐवज म्हणून पाठवली तर तशीच जाते. मंडळाच्या गटात चारशे सदस्य असतील तर त्यातल्या कुणाचा चुलतभाऊ आमऱ्यांचा संग्राहक आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. आणि चोरापेक्षाही अधिक हानी कौतुकाने होते. कास पठारावर रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा का घालावी लागली, हे साताऱ्याच्या मंडळींना समजावून सांगायला नको.

व्हरमाँटच्या त्या ठाण्याची जमीन कोणत्या संस्थेची आहे एवढेच विभागाने सांगितले. तिच्यावर नेमके कुठे, ते सांगितले नाही. राज्याच्या वनस्पतितज्ज्ञांपुढे आता काम आहे ते दर वसंतात तेथे परत जाण्याचे, रोपे मोजण्याचे, आणि तशाच उताराच्या, तशाच मातीच्या आजूबाजूच्या जागा पायाखाली घालण्याचे. एकशेवीस वर्षे जी दिसली नाही ती तेवढा काळ एकाच जागी होती की दुसरीकडून आली, याचे उत्तर मिळाले तर त्या शोधातूनच मिळेल.